मस्कतात पखवाज

सोलापुरातनं पखवाज घेऊन दर्यापल्याड गेलेला पयला माणूस मी. दुसरा कुणी गेला न्हाई, कारण बाकीच्यास्नी अक्कल होती.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. मिलमदी मी बदली कामगार. म्हंजी कुणी आजारी पडलं तर मला काम. त्या वर्सी सगळे लई ठणठणीत होते. तवा एका एजंटानं दोन वर्सांसाठी मस्कतला बांधकामावर न्यायचं कबूल केलं. बायकोनं शेंगाची चटणी आन कडक भाकरी बांधून दिल्या. मी पखवाज काखंला मारला.

ती म्हनली, "आवो, ते कशाला? अंथरूण न्या की."

"अंथरूण तितं मिळतंय. पखवाज मिळंल व्हय?"

तितं पखवाज मिळत न्हवता हे खरं निघालं. अंथरूण बी मिळालं न्हाई.

विमानतळावर सायबाला वाटलं आत सोनं हाय. त्यानं दोन्ही अंगानं बडवून बगितला. खोटं न्हाई सांगत, माझ्यापेक्षा बरा वाजिवला त्यानं.

मला तितं जास्ती कायबी नगं होतं. एक गाणारा माणूस पायजे होता, बास. सोलापूरला आमच्या चाळीत दर गुरुवारी भजन असायचं. धा वर्सं मी तितं पखवाज वाजिवला. गुरुवार आला की बोटं आपोआप वळवळायची. बराकीत आमी चाळीस जण होतो. घोरणारे एकोणचाळीस, गाणारा एक बी न्हाई.

पखवाज वाजवायच्या आदी डाव्या अंगाला ओली कणीक थापाय लागती, तवाच आवाज घुमतो. सुट्टी शुक्कीरवारी. म्हून दर शुक्कीरवारी मी भटारखान्यात जाऊन मूठभर कणीक मागायचा. पंजाबी आचाऱ्याला वाटलं, मी ती कच्चीच खातोय. त्यानं सगळ्या बराकीला सांगितलं. जेवताना लोक माझ्यापासनं लांब सरकून बसाय लागले.

सा म्हैन्यांनी गुलबर्ग्याचा एक डायवर भेटला. त्याच्याकडं पेटी होती. गळा तर असा, की मी पयल्यांदा ऐकलं तवा हातातलं घमेलं खाली ठिवाय इसरलो. मुकादमानं आटवण करून दिली.

शुक्कीरवारी त्याच्या ट्रकच्या सावलीत बसलो. कणीक थापली. त्यानं डोळे मिटून सूर लावला. मी ठेका धरला. मला वाटलं, आता दोन वर्सं काय, चार वर्सं बी काढीन हितं.

चार ओळी झाल्या आन त्यानं पेटी थांबिवली.

"क्यों मियाँ, बस छूटरी क्या?"

मला कळंना. परत धरलं. परत तो मागं, मी म्होरं. तिसऱ्यांदा त्यानं ईचारलं, "तुमको सिकाया कौन ऐसा?"

तवा माझ्या ध्यानात आलं. आमच्या चाळीतलं भजन रातपाळीच्या भोंग्याआदी आटपाय लागायचं. निम्मं मंडळ पाळीवर जाणारं. बुवा घड्याळाकडं बगत गायचे, मी बुवांच्या तोंडाकडं बगत वाजवायचा. धा वर्सांत माझा हात पळायचाच शिकला. मला वाटायचं, सगळ्या जगात असंच वाजिवत्यात.

डायवरानं तीन शुक्कीरवार सोसलं. मी हात आवळून धरायचा, पायाची बोटं मोजायचा, जीभ चावायचा. पर जरा रंग चढला की हात सुटलाच. चवथ्या शुक्कीरवारी त्यानं माझ्या खांद्यावर हात ठिवला.

"भाई, आदमी तुम अच्छे हैं. मेरे कू अकेलेच गाने दो."

त्यानंतर तो ट्रक पाण्याच्या टाकीपल्याड नेऊन लावायचा. वाऱ्यासंगं त्याचा आवाज यायचा. मी हिकडं मांडीवर बोट बी आपटत न्हवतो, त्याला ऐकू जाईल म्हून.

मग एकटाच वाळूत बसून वाजवाय लागलो. एकट्याचा पखवाज म्हंजी नुसतं दार वाजिवल्यासारकं. आतनं "आलो" म्हनणारं कुणी न्हाई. उन्हानं वादी सैल पडली, शाई तडकली. आचारी कणीक मातुर देत ऱ्हायला. त्याला माझी दया यायची.

दोन वर्सांनी सोलापूरला उतरलो. मनात एकच गोष्ट धरली होती. जगाला नगं असंल, पर चाळीला माझाच हात पायजे. बायकूसंगं दोन शबूद न बोलताच गुरुवारच्या भजनाला गेलो.

पखवाजावर वेळापूरकडचा नवीन गडी बसला होता. मला बगून बिचारा उटला. "या दादा, तुमची जागा."

मी मांडी घातली. हात उचलला. बुवांनी पेटीवरनं वाकून पखवाजावर पंजा ठिवला.

"उट तितनं," ते म्हनले. "तू गेलास तवा कुटं आमाला अभंगातले शबूद ऐकू आले."