प्रभावतीची दोन खाचरं

पिरंगुटच्या पंपाच्या कारखान्यात १९८६ साली कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यासाठी एक खोली रिकामी करून तिथं गार हवेचं यंत्र बसवलं. भट्टीपाशी माणसं घामानं निथळत होती, त्यांना साधा पंखा नव्हता. पण मशीनला उकडता कामा नये, असं मॅनेजरसाहेबांचं म्हणणं. त्या खोलीत शिरायचं तर चपला दाराबाहेर काढायच्या, असा त्यांचा कडक हुकूम होता.

त्या खोलीत बसायला कुणी तयार होईना. बटण चुकीचं दाबलं तर मशीन फुकट जाईल, या धास्तीनं सगळे बाबूलोक मागं सरले. राहता राहिली प्रभावती ओव्हाळ, हंगामी टायपिस्ट. जवळच्या चांदे गावाहून यायची, अर्धी वाट पायी आणि अर्धी एस.टी.नं. बौद्धवस्तीतली पहिली मॅट्रिक झालेली सून. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही बसा." ती बसली, आणि महिन्याभरात शिकली. तिला कुणी शिकवलं असं म्हणायची सोय नाही, कारण शिकवायला कुणाला येतच नव्हतं.

काम डोळ्यांत तेल घालून करायचं. ड्रॉइंगवाले हैबतराव सुट्या भागांच्या मापांची मूळ यादी ठेवत. त्या यादीवरून प्रभावती भट्टीला द्यायची यादी तयार करी. दोन्ही याद्या पडद्यावर एकाच वेळी उघडत, डावीकडे मूळ, उजवीकडे भट्टीची, मध्ये एक उभी रेघ. साहेब त्या चौकटींना विंडो म्हणत. प्रभावती म्हणे खाचरं. दोन भाताची खाचरं, मध्ये बांध. ती लाकडी फूटपट्टी पडद्याच्या काचेवर आडवी धरी आणि एकेक ओळ खाली सरके. अलीकडं जे माप, तेच पलीकडं पाहिजे. तीन वर्षांत तिच्या यादीत एक आकडा चुकला नाही, आणि बढाई मारायचा तिचा स्वभाव नव्हता म्हणून हे मीच सांगतो.

घरी सासूला, फुलाबाईला, सुनेचा कोण अभिमान. बाजारातून तिनं स्वतः निवडून गडद लाल स्वेटर आणला होता, गार खोलीत बसायला. वस्तीतल्या बायकांना ती सांगायची, "आमची सून बर्फाच्या खोलीत बसून मशीन चालवतीया." एप्रिलपासून प्रभावतीला कायम करायचं ठरलं होतं. कायम करण्याचं पत्रही तिनंच टाईप करून साहेबांच्या टेबलावर ठेवलं होतं. नुसती सही राहिली होती.

आणि एकोणनव्वदच्या जानेवारीत मुंबईहून एक इंजिनिअर फ्लॉप्यांचा डबा घेऊन आला. मशीनमध्ये नवीन सुधारणा घालतो म्हणाला. दिवसभर घातली, चहा चारदा प्यायला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी प्रभावतीनं मूळ यादी उघडली, मग भट्टीची उघडली, आणि मूळ यादी गायबच झाली. खरं तर ती होती, पण दुसरीच्या खाली. आता चौकटी शेजारी शेजारी बसत नव्हत्या, एकीवर एक चढत होत्या. खाचरावर खाचर, आणि बांध कुठं नाही. बटणं दाबून दाबून तिनं एक चौकट लहान केली, एक सरकवली. वीस मिनिटं गेली. यादी बंद करून उघडली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आठवडाभर तिच्या नाकी नऊ आले. शेवटी इंजिनिअर पुन्हा फिरकला तेव्हा तिनं विचारलं.

"अहो बाई, हे पहिल्यापेक्षा चांगलं आहे," तो म्हणाला. "टेबलावर कागद कसे एकावर एक ठेवतो, तसं. कितीही ठेवा."

"ताडून बघायचे कागद मी येकावर येक ठेवत न्हाई," प्रभावती म्हणाली.

तो हसला. मग ती साहेबांकडं गेली. "साहेब, मला दोन्ही याद्या शेजारी शेजारी दिसायला पायजेत. पहिलं व्हतं तेच परत घालता येईल का?"

"सुधारलेलं परत कसं बिघडवायचं?" साहेब म्हणाले. "सवय करा."

सवय! बाईनं तीन वर्षं पोटच्या पोरासारखी सांभाळलेली सवय मोडून दुसरी करायची, आणि तीही एक यादी डोळ्यांआड ठेवून. पण हंगामी माणूस वाद घालत नाही. तिनं स्वतःचा मार्ग काढला. मूळ यादी अख्खी हातानं लांब वहीत उतरवून काढली, वही पडद्याच्या डाव्या अंगाला टेकवून उभी केली, आणि फूटपट्टी वहीपासून काचेपर्यंत आडवी धरली. पुन्हा दोन खाचरं झाली. तिला फार बरं वाटलं. इथंच ती फसली.

मार्चमध्ये एका शनिवारी, प्रभावती बाहेर डबा खात असताना, हैबतरावांनी मशीनवर बसून पंपाच्या झाकणाच्या तीन भोकांची मापं बदलली. मूळ यादीत बदलली, म्हणजे जिथं बदलायची तिथंच. पूर्वी असं झालं की नवा आकडा तिच्या डाव्या डोळ्यासमोर यायचा, सांगायची गरजच पडायची नाही. म्हणून हैबतरावांनी सांगितलं नाही. आता तो आकडा मशीनमध्ये खाली गाडलेला, आणि प्रभावती जुन्या वहीशी ओळ न् ओळ ताडून बघत होती. एकही चूक न करता तिनं चुकीची यादी भट्टीला दिली.

आठवड्याभरात जुन्या मापाच्या झाकणांचा अख्खा लॉट वाया गेला. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "नवीन माप मशीनमध्ये होतं ना?"

"व्हतं."

"मग दिसलं नाही?"

"दुसऱ्या यादीच्या खाली व्हतं, साहेब."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. हैबतराव बुटांकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडातून एक शब्द निघाला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, पण त्यांनाही आपली खुर्ची प्यारी होती. प्रभावतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारपासून तिला पॅकिंगला पाठवलं, हंगामीच. पत्रावर सही झाली नाही.

तिच्या जागी पुण्याहून जयवंत नावाचा माणूस आला, कोर्स केलेला. घरी प्रभावतीनं काही सांगितलं नाही. रोज सकाळी लाल स्वेटर पिशवीत घालून निघायची. पॅकिंगच्या पत्र्याखाली मे महिन्यात अंगाची लाहीलाही व्हायची, आणि स्वेटर खोक्यांच्या मागं पिशवीत पडून असायचा.

जूनच्या सुरुवातीला टेम्पोतून एक मोठं खोकं आलं. आलेला माल पॅकिंगमध्येच उतरतो, म्हणून पट्ट्या प्रभावतीनं कापल्या. आत नवा कोरा कॉम्प्युटर. जयवंत लगबगीनं आला, बरोबर दोन हमाल.

"आधीचा बिघडला व्हय?" तिनं विचारलं.

"छे! दोन पाहिजेत. एकावर मूळ यादी, दुसऱ्यावर भट्टीची," तो म्हणाला. "शेजारी शेजारी दिसल्याशिवाय ताडायचं कसं? साहेबांना सांगितलं, लगेच हो म्हणाले."

तो वाईट माणूस नव्हता. जाताना म्हणाला, "तिथं एक फूटपट्टी सापडली, लाकडी. तुमची आहे का?"

"ऱ्हाऊ द्या," प्रभावती म्हणाली. "लागंल तुमाला."

संध्याकाळी ती चांद्याला पोचली तेव्हा फुलाबाई ओट्यावर शेजारणींत बसली होती. सुनेला बघून तिनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "काय गं, मशीन बरं चाललंय न्हवं?"

प्रभावती चपला काढत होती. क्षणभर तिला वाटलं, सांगून टाकावं. मग तिनं शेजारणींकडं बघितलं, सासूकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "आता दोन झाल्यात. शेजारी शेजारी ठिवल्यात."

"ऐकलंसा?" फुलाबाई बायकांना म्हणाली. "दोन दोन!"

प्रभावती आत गेली आणि सकाळी विसरू नये म्हणून तिनं स्वेटर दाराशेजारच्या खुंटीला अडकवला.