आतली कडी

एनिमा द्यावा तर रत्नम्मानंच, असं लातूरच्या त्या दवाखान्यातले डॉक्टरही म्हणत. पाणी किती कोमट, नळी किती आत, पेशंटला कुठल्या गप्पांत गुंतवायचं, सगळं तिच्या हातात बसलेलं. खोड एकच. पेशंट संडासात गेला की ही दाराला टेकून उभी, आणि आतून कडी काही लावू द्यायची नाही. "चक्कर येती," म्हणायची. मोठमोठ्या असामींनी आरडाओरडा करून पाहिला, बाई ढिम्म.

गावात क्लासेसचं पीक आलं तसे कोवळे पेशंटही वाढले. त्या दिवशी देविका आली. किनवटची पोर, डॉक्टर व्हायला म्हणून लातुरात राहिलेली. हॉस्टेलात बावीस मुलींना दोन संडास, आणि आत बसलं न बसलं तोच बाहेरून दारावर थापा. आठ दिवस पोट साफ नव्हतं. बिचारी वाकून चालत होती.

रत्नम्मानं तिला डाव्या कुशीवर निजवलं आणि किनवटच्या जंगलाची चौकशी करत करत पाणी सोडलं. कळ आली तशी देविका धावली. पण थोडं पाणी तेवढं गेलं, बाकी काही नाही. पोट धरून ती रडतच दारात आली.

"मावशी, कोणी दाराशी उभं असलं की मला होतच नाही. पाया पडते, कडी लावू द्या."

बारा वर्षांपूर्वी, भूकंपाच्या त्या पहाटे, किल्लारीकडच्या तिच्या गावात रत्नम्माच्याही पोटात अशीच कळ आली होती. तांब्या घेऊन ती शेताकडे निघाली. नवरा परगावी होता; पाच वर्षांची लेक शिवम्मा अंधारात मागं येईल म्हणून दाराला बाहेरून कडी घातली. ती शेतात बसलेली असतानाच घर खाली आलं. कडी घातली होती हे तिनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा.

"लाव," ती कशीबशी म्हणाली. "पर लवकर ये, बाळ."

आतून कडी सरकली आणि रत्नम्मा दारापासून हटली. ती अंगणातल्या लिंबापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. हात सारखा दाराकडे जाई. तो तिनं पदरात गुंडाळून धरला. वॉर्डबॉय माणिकप्पा हसला, "काय रत्नम्मा, तुलाच लागली का?" तिनं अशी काही शिवी हासडली की तो मुकाट्यानं वॉर्डात गेला.

आतून बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग कडी निघाली. देविका घामानं निथळत होती, पण ताठ उभी होती.

"झालं, मावशी! लई मोकळं वाटून राहिलं."

रत्नम्मानं तिचे दोन्ही दंड घट्ट धरले. "तुझी तूच उघडलीस?"

"मग? आतूनच तर होती कडी."

"हाव," रत्नम्मा म्हणाली आणि तिथंच पायरीवर बसली. "माझ्या पोरीची बाहीरून होती गं. मीच घातली होती."