अकरा आकडे आणि बारावा खिळा

मी सैन्याच्या पुरवठा कोअरमध्ये कॅप्टन होते. त्या एप्रिलमध्ये एका मिलिटरी स्पेशल मालगाडीची ओसी ट्रेन, म्हणजे गाडीवरची प्रमुख, म्हणून मला पाठवलं. माल: बर्फातल्या चौक्यांसाठी राशन, तंबू आणि केरोसीनची पिंपं. वाट वऱ्हाडातून होती. माझं माहेर दर्यापूर. घरी कळवायचं नव्हतं, कळवलं नाही.

सकाळी ९.१० ला बडनेरा सोडलं. अकोल्याच्या अलीकडे एका वॅगनचं बेअरिंग तापून चाक जाम झालं. नेमकी केरोसीनची वॅगन. एका लहान स्टेशनात ती कशीबशी मालधक्क्याला लावली आणि बाकी गाडी सुभेदारसाहेबांबरोबर पुढे गेली. मागे मी, हवालदार दलजीत आणि सहा जवान. दुरुस्तीवाले पाच वाजेपर्यंत येणार होते.

हे स्टेशन इंग्रजांनी धान्य आणि कापसासाठीच बांधलं. प्रवाशांचा फलाट आखूड आणि मालधक्का त्याच्या तिप्पट लांब. आता हरभऱ्याचे दिवस होते. चौदा गावच्या शेतकऱ्यांनी मिळून विकायला आणलेला हरभरा धक्क्यावर थप्पी लावून ठेवला होता, वर ताडपत्री. थप्पीचं एक टोक आमच्या वॅगनपासून चार हातांवर. मला ते मुळीच आवडलं नाही. पण वॅगन आता तसूभर हलत नव्हती.

हमालांचा जमादार सखाराम, सत्तरी ओलांडलेला. गोदामाच्या भिंतीवर खिळ्यांना अकरा आकडे टांगलेले होते. आकडा म्हणजे पोतं ओढायचा लोखंडी हूक. दलजीतने एकाला हात लावला.

"हात नोका लावू, सरदारजी!" जमादार ओरडला. मग माझ्याकडे वळला. "इथला हमाल फौजेत गेला का आकडा टांगून जाते. वापस आला का त्यानंच काढाचा. दुसऱ्यानं नाई. हे अकरा वापस आले नाईत. हा पयला माह्या आज्याच्या भावाचा. जर्मनच्या लढाईत गेला थो."

दलजीतने हात मागे घेतला आणि सॅल्यूट केला.

२.३५ ला शेजारच्या शेतात पेटवलेला धसकटांचा जाळ रुळाकाठच्या वाळल्या गवतात शिरला. वारा आमच्याकडे. दोन मिनिटांत ताडपत्रीच्या दूरच्या टोकाने पेट घेतला. वॉकीटॉकीवर स्टेशन मास्तर आले.

"वरच्या तारेत करंट आहे. पाणी मारू नका. तार बंद करायला पॉवर ब्लॉक मागितलाय. ओव्हर."

"किती वेळ? ओव्हर."

"पंचवीस मिनिटं. ओव्हर."

"तेवढी माझ्याकडे नाहीत. आउट."

एकच उपाय होता. थप्पी मधून फोडायची, आग तिथेच अडवायची. हमाल सहा, प्रत्येकाकडे आपला आकडा. आम्ही आठ, रिकाम्या हातांचे. नुसत्या हातांनी एका पोत्याला दोन माणसं लागतात.

"जमादार, ते आकडे द्या."

"नाई देत."

"आधी हरभरा जाईल. मग वॅगन. मग तुमचं स्टेशन."

त्याने जवानांकडे पाहिलं. "हे समदे फौजीच हायेत ना?"

"सगळे."

"अन् तुमी?"

"मी बी फौजीच हाओ, काका. दर्यापूरची."

"दर्यापूरच्या? मंग सकायपासून पुण्यावाल्यावानी काहून बोलून राहिल्या?" एवढं बोलून त्याने स्वतःच आठ आकडे खाली काढले. पहिला दलजीतच्या हातात दिला, आज्याच्या भावाचा. "लढाईवाल्यायचे हायेत. लढाईलेच घ्या."

खोटं कशाला सांगू, पुढच्या वीस मिनिटांइतकी मजा मला कुठल्याच सरावात आली नाही. सुरुवातीला आम्ही मूर्खपणा केला. जवानांनी आकडे थेट पोत्यांच्या मध्यात मारले. पोती फाटली, हरभरा बुटांखाली, दोघे आडवे.

"पोटात नोका मारू, बैताडहो! कानाले धरा, कानाले!"

पोत्याचे वरचे दोन कोपरे म्हणजे कान. दलजीतला ते सांगावं लागलं नाही. "मॅडम, मंडीवाला आदमी हूँ," तो म्हणाला आणि पोतं पाठीवर घेऊन पळाला. "हैश्शा!" हमाल ओरडले की जवानही ओरडायचे. मीही ओरडले. तोंडावर धग लागत होती. माझी डावी बाही करपली ते मला नंतर कळलं.

२.५८ ला आग आमच्या मोकळ्या जागेपाशी आली. मध्ये सोळा फूट उघडा दगड. ती तिथेच थांबली. ३.०४ ला ब्लॉक मिळाला आणि आम्ही पाणी मारलं. बावीस पोती जळाली. बाकी हरभरा वाचला, वॅगन वाचली. जमादाराने आठही आकडे मोजून परत टांगले. दलजीतने आपला आकडा बाहीला पुसून दिला.

"सरदारजी, नोकरी सुटली का इथंच या," जमादार म्हणाला. "जागा हाय."

"पक्का, चाचा."

दोन हिवाळ्यांनंतर हवालदार दलजीत एका चौकीवर केरोसीन पोचवताना हिमकड्याखाली गेला. मी जमादाराला चार ओळींचं पत्र टाकलं. उत्तर आलं नाही.

निवृत्तीनंतर दसऱ्याला मी त्या स्टेशनात गेले. त्या दिवशी हमाल आकड्यांना जवसाचं तेल लावतात. जमादार आता हयात नव्हता. भिंतीवर बारा आकडे होते. बाराव्या खिळ्यावरचा नवा होता. लोहाराकडून करवून आणलेला.

हमालांच्या आताच्या मुकादमाला विचारलं, "दलजीतला इथला हमाल कोणी मानलं?"

"जमादारानं. आमी म्हटलं, काका, थो तं पंजाबचा. तं म्हणे, हमाली त्यानं एकच दिवस केली, पण कानाले धरून केली."

मी चिंधी घेतली आणि बाराव्याला तेल लावलं. मुकादमाने अडवलं नाही.