सायकलची दुसरी तार

आर्णीच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायला रुजू झालो तेव्हा माझं वय तेवीस होतं आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. साठ सालानंतरची ती पहिली एक-दोन वर्षं. मी बी.एस्सी. होतो, पण वनस्पतिशास्त्राचा. विजेच्या धड्यापुरतं माझं ज्ञान पाठ्यपुस्तकातल्या चार पानांचंच होतं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी आवाज चढवून शिकवायचो.

शाळेत वीज आली नव्हती. टॉर्चचे दोन सेल, एक छोटा बल्ब आणि हातभर तार, एवढीच आमची प्रयोगशाळा. नववीच्या वर्गात मी सेलच्या एका टोकाला तार लावून बल्बला टेकवली. काही झालं नाही. दुसऱ्या टोकापासून दुसरी तार आणली तसा बल्ब लागला, आणि मागच्या बाकावरची पोरं उभी राहून बघू लागली. मी फळ्यावर लिहिलं, एका तारेने दिवा लागत नाही, वीज जिथून निघते तिथे तिला परत यावं लागतं.

वर्गात तीनच मुली. त्यांतली एक गावाच्या टोकाच्या बौद्ध वस्तीतून यायची. आईबाप मजुरीला जायचे. ती उभी राहिली आणि म्हणाली, कंदिलातलं रॉकेल जळून जातं, ते काही बाटलीत वापस येत नाही, मग वीज कायले वापस येते? प्रश्न चांगला होता आणि मला उत्तर येत नव्हतं. नियम आहे म्हणून येते, असं मी ठणकावलं. ती बसली नाही.

“सर, तुमच्या सायकलीच्या दिव्याले तं एकच तार हाये.”

वर्ग खदखदून हसला. व्हरांड्यात माझी सायकल उभी होती, मागच्या चाकाला डायनामो, पुढे दिवा. मी तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही. नियम डोक्यात शिरेपर्यंत माझ्या तासाला बसायचं नाही, असं तिला सुनावलं. तिनं दप्तर उचललं आणि गेली.

संध्याकाळी मी गुपचूप सायकल तपासली. डायनामोपासून दिव्यापर्यंत खरंच एक तार. दुसरी त्या तारेच्याच पोटात दडलेली असणार, अशी मी माझी समजूत घातली. ती मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी आली नाही, त्यानंतरही नाही. कापूस वेचायला जाते, असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं. वेचणीला गेलेली मुलगी पुष्कळदा शाळेत परतत नसे, हे मला ठाऊक होतं. मला बेचैन वाटत होतं, पण चूक कबूल करायची तर ती आधी सापडायला हवी होती.

रविवारी मी सायकलला काळा रंग दिला. नळ्या, पट्ट्या, दिव्याची पकड, डायनामोची पकड, सगळं उघडून हौसेनं रंगवलं. रंग वाळल्यावर पुन्हा जोडलं तर दिवा लागेना. मी ती गावातल्या सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्यानं पान्यानं नट पिरगाळून दोन्ही पकडी काढल्या, त्यांखालचा रंग पात्यानं खरवडला, पुन्हा आवळल्या आणि चाक फिरवलं. दिवा लख्ख लागला. मी त्याला विचारलं, दुसरी तार कुठे आहे?

“मास्तर, दुसऱ्या तारेवर तं तुमी रोज बसता.”

सायकलचं लोखंडच वीज परत नेतं, तुम्ही मधे रंग घातला, असं त्यानं समजावलं. मी तिथेच ओशाळलो. नियम खरा होता, आणि तिनं पाहिलेलंही खरं होतं. खोटा होतो तो मी.

सोमवारी शाळेआधी ती वेचणीला जायची ते वावर मी गाठलं. तिचा बाप हात जोडून पुढे आला आणि म्हणाला, पोरगी म्हणते मले विज्ञान समजत नाही, मग आम्हीही म्हटलं, कायले बसवायचं शाळेत. मी हाकलल्याचं तिनं घरी सांगितलंच नव्हतं. ते ऐकून मला फार लागलं. तिला मीच बाहेर काढलं होतं आणि चूक माझी होती, हे मी त्याच्यासमोर सांगितलं. मग धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, सायकल उलटी ठेवून चाक फिरवलं आणि सायकलचं लोखंडच दुसरी तार आहे, असं मुलीला सांगितलं. तिनं एका बोटानं विजेची वाट गिरवली, डायनामोपासून तारेनं दिव्यापर्यंत, दिव्याच्या पकडीतून सायकलच्या नळीवर, नळीवरून परत डायनामोपर्यंत. मग चाक फिरत असतानाच सगळा पंजा नळीवर ठेवला.

“सर, वीज इथून जाते, तं मले काहून नाही लागत?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “शाळेत बघावं लागेल.”

बापानं माझ्याकडे पाहिलं. मग हसला. म्हणाला, “जाय बाई. मास्तरलेबी माहीत नाही म्हनते.” आणि तिच्या कमरेची कापसाची ओटी सोडून त्यानं स्वतःच्या कमरेला बांधली.