कूलरमधल्या पोळ्या

कूलरच्या जाळीतल्या ओल्या खसाच्या गवताचा वास आला की मला आजही मळमळतं. रिसाली वस्तीतल्या आमच्या घरात त्या वर्षी हिवाळाभर झाकलेला कूलर सुरू केला आणि खोलीभर सडका वास सुटला. "उंदीर मेला असन," बायको म्हणाली. मी मात्र मोठ्या ऐटीत शेजाऱ्याच्या नालीला शिव्या घालून आलो. शेवटी जाळी काढली, तर खसामागे हिरव्या बुरशीच्या पोळ्या, काळं पडलेलं अंडं आणि वळवळत्या अळ्या. मी तिथंच ओकलो. वर्षभरापूर्वी अनाथाश्रमातून दत्तक घेतलेली आमची सात वर्षांची पोरगी दाराआडून पाहत होती. तिचं हे खाणं लपवणं तिसऱ्यांदा होतं. आधी गादीखाली, मग दप्तरात. "कावून लपवून राहिली वं? पोटभर भेटत नाही का तुले? आता आश्रमातच सोडून येतो तुले!" मी तोंड पुसत ओरडलो. ती रडली नाही. आपली कपड्यांची थैली घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, रस्त्यात खायलेच ठेवल्या होत्या." आता ती कॉलेजात आहे, दर उन्हाळ्यात खस स्वतःच बदलते. मी नाक दाबतो, तेव्हा हसते, "बाबा, आता काही नाही त्याच्यात." तिला वाटतं, मला अजून त्या पोळ्यांचीच किळस येते.