सांजंला बघशील त्ये माझं

कारखान्याच्या मालकांनी मला विलायतेला पाठवायचं ठरवलं, तेव्हा कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत माझ्यापेक्षा आबांचाच भाव वाढला. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी उभा जन्म ओतशाळेत काढला होता. धुरानं छाती पार गेलेली, अंथरूण धरलेलं. तेलाच्या इंजिनांचं काम शिकायला मी सहा महिने जाणार, हे ऐकून आई रडली. आबा रडले नाहीत. नाटक, सर्कस, कुस्त्यांचं मैदान, काही म्हणून न चुकवणारा तो माणूस. खाटेवर पडल्यापासून त्यांची खरी उपासमार तीच होती. मला जवळ बसवून म्हणाले, "दिवसा शिकशील त्ये मालकाचं. सांजंला बघशील त्ये माझं. आल्यावर हितं बसून सगळं सांगायचं. कागदावर न्हाय, तोंडानं."

म्हणून पत्रात मी नुसती खुशाली लिहायचो. मनात भीती एकच होती, मी सांगायला पोचेपर्यंत आबा राहतात की नाही.

माझ्या सोबत कारखान्याची खरेदी बघणारे अण्णा होते. वयानं आबांच्या बरोबरीचे, जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. तिथं उन्हाळ्यात नऊ वाजले तरी लख्ख उजेड. "ह्या देशात सूर्याच्या भरवशावर ऱ्हाऊन चालायचं न्हाय," असं म्हणून ते घड्याळ बघून दूध-पाव खायचे आणि आडवे व्हायचे. नाचगाणी म्हणजे त्यांच्या लेखी पापच. मी एकटाच भटकायचो. राजवाडे पाहिले, जहाज आलं की मधोमध उघडणारा पूल पाहिला. पूल उघडला तेव्हा शेजारी आबा असते तर काय शिवी हासडली असती, ते मला स्पष्ट ऐकू आलं आणि हसू आलं.

मध्येच एका दिवसापासून अण्णा पार बदलले. संध्याकाळी कामावरून आलो की तेच दारात उभे. "चल, आज नाटकाला जाऊया." दुसऱ्या दिवशी गाण्याचा जलसा, मग बर्फावरचा नाच. म्हाताऱ्याला विलायतेचं वारं लागलं म्हणून मी त्यांची यथेच्छ टिंगल केली. एकदा त्यांनी मला सर्कशीला नेलं. तिथला विदूषक शिडी खांद्यावर घेऊन वळायचा आणि मागच्याला आडवा करायचा. आबांना हेच सर्वांत आधी सांगायचं असं ठरवून मी पोट धरून हसत होतो. शेजारी बघतो तर अण्णा डोळे मिटून, हात जोडून बसलेले.

"अण्णा, तिकीट काढून झोपता व्हय?"

"तू बघ," ते म्हणाले. "नीट बघ."

आम्ही दोघं परतलो तेव्हा कोल्हापूरच्या स्टेशनवर धाकटा भाऊ घ्यायला आला होता. पाया पडायला वाकला आणि त्याची टोपी खाली पडली. डोक्यावर नुकतेच कुठे फुटलेले केस होते. मला कोणी काही सांगायची गरजच उरली नाही.

परमुलखातल्या माणसाला वाईट बातमी कळवू नये ही आपली रीत. मला ती रीत त्या क्षणी पायाखाली तुडवावीशी वाटली. भावानं सांगितलं, तार अण्णांच्या नावानं तिथल्या कंपनीत धाडली होती. मी त्यांच्या कोटाला धरलं, चारचौघांत नाही नाही ते बोललो. त्यांनी सोडवून घेतलं नाही.

"निघायच्या आदी तुज्या वडलांनी शपथ घातलेली," ते म्हणाले. "म्हनले, माजं काय झालंच तर पोराला सांगू नगा. रोज सांजंला कुटंतरी न्या. त्येचं बघायचं ऱ्हायला नगो."

मी कोट सोडला, पण माझा राग काही गेला नाही.

घरी रिकाम्या खाटेजवळ बसून भावानं एकेक सांगितलं. दहाव्याला पंचगंगेवर पिंडाला कावळा शिवेना. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं, म्हणून सगळ्यांनी हात जोडून हवं ते कबूल केलं. आईला सांभाळू म्हणाले, बहिणीचं लग्न करू म्हणाले, छपराची कौलं बदलू म्हणाले. कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले. ऊन चढलं, भटजी कंटाळले, शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले.

"काय पायजे व्हतं रं दादा त्यास्नी?" भावानं विचारलं. "आमाला कुनालाच उमगलं न्हाय."

थोरला येऊन सगळं तोंडानं सांगेल, एवढंच कोणीतरी म्हणायला हवं होतं. ते फक्त मला माहीत होतं, आणि त्या दिवसांत मी विलायतेत सर्कस बघत होतो.