खाणीखालच्या शेताचा वापसा

आमचं शेत सास्तूरपासून दुचाकीवर वीस मिनिटांच्या अंतरावर, मुरमाच्या जुन्या खाणीखालच्या उतारावर आहे. खाण रस्त्याच्या कामासाठी खोदली गेली होती. काम संपल्यावर गावानं ती तलावातल्या गाळानं भरली, सपाट केली, वर झाडं लावली आणि पाणी जिरावं म्हणून कडेनं बांध घातला. त्या कामाची बातमी मीच दिली होती. मथळा कौतुकाचा होता.

पुढची तीन वर्षं आमच्या शेताला वेळेवर वापसा आला नाही. पेरणीजोगी ओल म्हणजे वापसा. आमच्याकडे ओल जास्तच राहायची. दसऱ्यालाही पाय घोट्यापर्यंत रुतायचे, पेरणीची तिफण आत घालता यायची नाही आणि ज्वारीचा हंगाम निघून जायचा.

शेत वहिनी बघतात. भाऊ पुण्यात एका कंपनीच्या गाडीवर चालक आहे. तिसऱ्या हंगामानंतर त्यानं फोनवर सांगून टाकलं, "येत्या दसऱ्याला ज्वारी पेरता आली न्हाय, तर शेत पडीक टाकायचं आन तू इकडं यायचं. मी येतो सामान बांधायला."

वहिनींनी फोन ठेवला. मला म्हणाल्या, "भाऊजी, तिथं दोन खोल्यांत मी दिवसभर काय करू?"

मी तालुक्याला बातमीदारी करतो. निचऱ्याविषयी जे ठाऊक होतं ते एका माहितीपत्रकातलं. शेताच्या मधल्या खळग्यात पाणी साचायचं, म्हणून उन्हाळ्यात त्या खळग्यापासून ओढ्यापर्यंत चर खणला. खालच्या बांधाचे म्हातारे शेजारी बघायला आले.

"काय पेपरवाले, पाणी हाकलून द्यायलाव व्हय? टँकरच्या बातम्या छापून दमलाव, आता पाणी लई झालं म्हून छापा."

"छापतो. फोटो तुमचा देतो."

"माझा कशाला? माझ्या हिरीचा द्या. तळातली दगडं मोजून घ्या."

त्यांचं हसणं समजण्यासारखं होतं. आमच्या जिल्ह्यात पाणी अडवणं हे चांगलं काम मानतात. बाहेर काढून देणारा माणूस कुणी पाहिलेला नव्हता.

जुलैत चर व्यवस्थित वाहिला आणि खळगा रिकामा झाला. चार दिवसांनी, पावसाचा थेंब नसताना, तो पुन्हा भरला. पाणी आभाळातून येत नव्हतं, एवढं कळलं. मग पहारीनं सात ठिकाणी भोकं पाडून सारख्या खोलीवर प्लास्टिकच्या नळ्या उभ्या पुरल्या. रोज सकाळी नळीत कडब्याचं धाट बुडवायचं आणि भिजलेला भाग मोजायचा. मी आकडे वहीत लिहीत होतो. मी कामावर असलो की वहिनी मोजायच्या. त्यांनी वही वापरली नाही. भिजलेला भाग तेवढा तोडून त्या ठेवून द्यायच्या.

ऑगस्टातल्या एका रविवारी मी वही घेऊन गोठ्याजवळ बसलो होतो. पानं भरली होती, अर्थ लागत नव्हता.

"काय म्हणतीय तुमची वही?"

"सोमवारी पाणी वर होतं, गुरुवारी खाली गेलं, शनिवारी परत वर."

"वारांना काय करायचंय, भाऊजी? पाणी कुठनं यायलंय ते बघा की."

त्यांनी आदल्या दिवशीची तोडून ठेवलेली सात धाटं भिंतीला ओळीनं टेकवून उभी केली, शेतात नळ्या ज्या क्रमानं होत्या त्याच क्रमानं. खाणीकडचं धाट सगळ्यात लांब होतं. तिथून ओढ्यापर्यंत प्रत्येक धाट आधीच्यापेक्षा आखूड. मी महिनाभर तारखेप्रमाणे लिहीत होतो, बातम्या लिहितात तसं. जागेप्रमाणे मांडायचं मला सुचलं नव्हतं.

भरलेली खाण पाण्यानं काठोकाठ झाली होती आणि ते पाणी काळ्या मातीखालच्या मुरमातून आमच्या शेतात उतरत होतं. चर खालच्या बाजूला उपयोगाचा नव्हता. तो वरच्या बांधालगत, पाणी शेतात शिरण्याआधी हवा होता.

पाणी सोडायचं कुठं, हा प्रश्न राहिला. मी शेजाऱ्यांकडे गेलो.

"पाणी नको म्हणणारी माणसं पहिल्यांदा बघितली," ते म्हणाले. "सोडा माझ्या हिरीत. पर गाळ आला तर तुमालाच दोरानं खाली सोडीन काढायला."

पावसानं उघडीप दिली तेव्हा जेसीबी आणला. वरच्या बांधालगत खालचा पक्का खडक लागेपर्यंत, म्हणजे छातीएवढ्या खोलीचा चर खणला आणि शेताच्या कडेनं शेजाऱ्यांच्या विहिरीपर्यंत नेला. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीनं उतार तपासला, दोन ठिकाणी चुकला होता, तो पुन्हा काढून घेतला. तळाला भोकांचा पाइप घातला. गाळ आत जाऊ नये म्हणून त्याभोवती खडी आणि जाड मुरूम भरला, वर माती लोटली. जेसीबीचालकानं विचारलं, "बुजवायचंच होतं तर खणलं कशाला?" वहिनी म्हणाल्या, "विहिरीवर जाऊन बघून या."

पाइपाचं तोंड वाहत होतं. पहिल्या दिवशी गढूळ, तिसऱ्या दिवशी नितळ. शेजारी विहिरीच्या काठावर बसून होते. जेवण तिथंच मागवलं होतं. खाणीकडच्या नळीतलं धाट रोज आखूड होत गेलं आणि घटस्थापनेच्या सकाळी कोरडं बाहेर आलं. वहिनींनी ते मला दाखवलं, भावाला फोन मात्र केला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाऊ आला. पायातल्या चपलांसकट शेतात गेला. मधल्या खळग्यातली मूठभर माती घेतली, दाबून तिचा गोळा केला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला. गोळा फुटला. त्यानं आणखी दोन ठिकाणी तेच केलं.

"खाणीकडं बघा की," वहिनी म्हणाल्या. "तिथलं खरं."

तिथलाही फुटला. चिकटला नाही, धूळही झाली नाही. वापसा होता.

दसऱ्याच्या सकाळी तिफण जुंपली. बैल भावानं हाकले, बियाण्याच्या चाड्यावर मूठ वहिनींनी धरली. खळग्यातून जाताना त्यानं बैल जरा आवरले. पण रुतलं काहीच नाही. पेरणीचा सरळ तास खाणीच्या बांधापर्यंत गेला. तिथं तिफण वळवताना भाऊ म्हणाला, "परतीचं तिकीट एकच काढतो."

"काढा," वहिनी म्हणाल्या. "दाणं भरताना मात्र या. पाखरं लई येत्यात, राखणीला माणूस पायजे."